जत्रेत मनियाराला जागा द्यायची का नाही?

पांदणरस्ता
आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही, अर्धं गाव इथं वाचते आणि उरलेल्या अर्ध्याला स्क्रीनशॉट जाते. हनुमान जयंतीला जत्रा भरते, शंकरपट, कुस्त्या, काला, महाप्रसाद, आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं बंड्या-ट्रॅक्टर भरून येतात. यंदा काही पोरांनी ग्रामसभेपुढं अर्ज ठेवला आहे की जत्रेत फक्त हिंदूंनाच दुकानाची जागा द्यावी. नगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये कानिफनाथांच्या यात्रेसाठी असाच ठराव केला होता, तोच मसुदा व्हॉट्सॲपवरून उचललाय, इतका जसाच्या तसा की मारुतीच्या जत्रेच्या अर्जात एका ठिकाणी 'नाथांच्या यात्रेत' असं राहून गेलं.

जागेची परिस्थिती सांगतो म्हणजे उगाच वाद नको. देवळाचं आवार ट्रस्टचं, ते लहान आहे, तिथं नारळ-फुलांचीच दुकानं बसतात. बाकी सगळी जत्रा ई-क्लासवर, म्हणजे गावच्या सरकारी चराईच्या जमिनीवर. तिथल्या जागेचा हर्रास ग्रामपंचायत करते आणि पावतीही ग्रामपंचायतीची फाटते. मुसलमान दुकानदार म्हणजे बांगड्यावाले मनियार, टिकल्या-पिना-रिबिनीवाले, खेळणीवाले, फळवाले बागवान.

माझं मत: ठराव होऊ नये. आणि याला मी भाईचारा वगैरे कारण देत नाही, कृपा करून शिरखुर्म्याचे फोटो टाकू नका. ग्रामपंचायत हे सरकार आहे, घटनेच्या कलम १२ मध्ये 'राज्य' म्हणजे कोण ते सांगितलंय त्यात स्थानिक संस्था येतात, आणि कलम १५ म्हणते राज्यानं धर्मावरून भेद करायचा नाही. संपलं. मनियार चांगला माणूस आहे का वाईट, त्याच्या आज्यानं देवळाच्या कळसाला वर्गणी दिली होती का नाही, हे विचारायचा पंचायतीला अधिकारच नाही. ज्याची बोली मोठी त्याची जागा.

विरोधी मत असेल तर मुद्द्यानं लिहा.

जय_बजरंग
मुद्द्यानंच लिहितो. अर्ज देणाऱ्यांत मी नाही पण माझा पाठिंबा आहे.

पहिली गोष्ट, जत्रा म्हणजे आठवडी बाजार नाही. मारुती आहे म्हणून जत्रा आहे, मारुती नसता तर त्या ई-क्लासवर गाढवं चरली असती. ज्याला आमचा देव मान्य नाही, जो प्रसाद हातात घेत नाही, त्यानं त्याच देवाच्या नावानं जमलेल्या गर्दीवर धंदा करायचा हे पटत नाही. दुसरी, कर्नाटकात २००२ च्या नियमांतच लिहिलंय की देवस्थानाच्या जवळच्या जागा बिगर हिंदूंना भाड्यानं द्यायच्या नाहीत, आणि तो नियम भाजपवाल्यांनी नाही केला, तेव्हा तिथं काँग्रेसचं राज्य होतं. मग तिथं चालते ते इथं का नाही चालत? तिसरी, २०२१ ला अमरावती, २०२३ ला अकोला, २०२५ ला नागपूर. दर दोन वर्षांनी विदर्भात कुठं ना कुठं पेटते. लोकांच्या मनात राग आहे आणि तो आभाळातून पडला नाही. आणि चौथी, मी माझे पैसे कोणाला द्यायचे हे मी ठरवीन, याच्यावर कोणतं कलम आहे?

मक्केत आपल्याला दुकान टाकू देतील का ते पण सांगा.

वऱ्हाडी_ठेचा
अबे बजरंग भाऊ, मक्केचं सोड, आपल्या गावच्या बैलबाजाराचं बोल. मी शेतकरी मानूस, मले कलम-बिलम समजत नाई पन हिशेब समजते. २०१५ च्या मार्चात तो गोवंश हत्याबंदीचा कायदा लागला, गाय तं १९७६ च्या कायद्यानंच बंद होती, मंग बैल, गोऱ्हे बी बंद झाले. चांगलं झालं म्हनलं सगळ्यायनं. आता म्हातारा बैल कोन घेते सांग बरं. आंधी कुरेशी, म्हंजे खाटीक, याचा, चार पैसे हातात द्याचा, त्यात थोडे घालून जवान बैल आनाचा, असा धंदा होता शेतकऱ्याचा. आता बैल मरेपर्यंत दावनीले बांधा, कुटार त्याले घाला, ते बी पऱ्हाटीले भाव नसतानी. मंग २०२५ च्या जुलैत त्या कुरेशी लोकायनं राज्यभर बंद पुकारला, म्हने आमी ढोरंच घेत नाई कोनाचे, म्हशी नेल्या तरी रस्त्यात गाड्या अडवते अन् मारते. तवा बाजार कसे ओस पडले होते पाह्यलं नाई का तुनं? कोनाचं नुकसान झालं, त्यायचं झालंच, पन माह्यं किती झालं याचा हिशेब कोनी केला का.

म्हनून सांगतो राज्या, जत्रेतून मनियार काहाडला का तो एकटाच नाई जात, त्याच्या मांगं आपला बी कोनी जाते.

जय_बजरंग
ठेचा भाऊ, मग रात्री गोठ्यातून ढोरं चोरून पिकअपमध्ये भरून नेतात त्याचं काय? पोळ्याला ज्याची पूजा केली तो बैल सकाळी दावणीला नाही, अशा शेतकऱ्याचं तोंड मी पाहिलंय.

वऱ्हाडी_ठेचा
चोर पकड ना मंग, मी येतो काठी घेऊन तुह्यासंगं. चोराच्या गाडीचा डायवर कोन असते अन् गावातून खबर देनारा कोन असते ते बी पाहू मंग. पन चोर ढोराचा अन् बंदी बांगड्याले, हे काऊन?

टेकडीकर
मी वर्धा जिल्ह्यातला, समुद्रपूर तालुका. आमच्या गिरडच्या टेकडीवर फरीद बाबांच्या दर्ग्याला जाणाऱ्यांत हिंदू किती आणि मुसलमान किती हे कोणी मोजत नाही. तिथले ते गोल दगड सगळ्यांना माहीत असतील, भूगर्भवाले त्याला झिओलाइट म्हणतात, आमच्याकडं गोष्ट अशी की व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली म्हणून त्यांचा माल दगड झाला. (आता व्यापाऱ्याला हाकलणाऱ्यांचं काय होईल ते बाबालाच माहीत.) नागपूरचे ताजुद्दीन बाबा पागलखान्यात होते, १९०८ मध्ये त्यांना तिथून काढून आपल्या राजवाड्यात नेणारा कोण होता? राजे रघुजीराव भोसले. १९२५ ला बाबा गेले, पण ताजबागेत आजही कोणत्या धर्माचा माणूस दिसत नाही ते सांगा. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला सगळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात. ही आपल्या विदर्भाची माती आहे. आणि आपण कुठलंतरी बाहेरचं भांडण घरात आणून बसलो.

बुलडाण्याच्या सैलानीची यात्रा होळीला भरते, नारळांची होळी पेटते, तिथं नारळ-लिंबू-चादरी विकणारे आपले कित्येक लोक आहेत. उद्या त्यांनी म्हटलं हिंदूंनी दुकान लावायचं नाही, मग?

जय_बजरंग
मग तर बरंच होईल. हिंदूंनी सैलानीला जाऊच नये असं माझं म्हणणं आहे. वेडसर माणसाला डॉक्टरकडं न्यायचं सोडून तिथं नेऊन ठेवतात.

टेकडीकर
डॉक्टरकडं न्यायचं यावर एकमत. पण मग आपल्याकडच्या अंगात येणाऱ्या बाईलाही न्या.

पिंजाऱ्याचा_पोरगा
मी मुसलमान. मन्सुरी, म्हणजे पिंजारी. आमच्या घराण्यानं शंभर गावांच्या गाद्या भरल्या, कापसाच्या मुलखात पिंजाऱ्याशिवाय कोणाची रजई झाली नाही, आता फोमच्या गाद्या आल्या आणि आम्ही मोटर-पंप भरायच्या कामाला लागलो. जत्रेत आमचं दुकान नसते त्यामुळं माझा यात पैशाचा संबंध नाही.

टेकडीकर दादा, तुमचा हेतू चांगला आहे, रागवू नका. पण प्रत्येक वेळी आमच्या बाजूनं बोलायचं म्हटलं की ताजबाग आणि दर्गा का काढावा लागतो? म्हणजे मी वली झालो तरच मला जत्रेत जागा? आमच्यातही तुमच्यासारखेच लोक आहेत, काही सज्जन, काही हरामखोर, बहुतेक जण कर्जाच्या हप्त्याच्या चिंतेत. मनियाराला संत ठरवायची गरज नाही. तो बांगड्या विकते. मापात बसते का, काचेला तडा आहे का, एवढंच बघा.

दुसरं, 'मुसलमान' म्हणून एकच गठ्ठा करता ना, तो नाहीच आहे. मनियार वेगळे, बागवान वेगळे, कुरेशी वेगळे, अत्तार, तांबोळी, छप्परबंद, फकीर सगळे वेगळे, सोयरिकीला बसलो की तुमच्यापेक्षा जास्त घोळ आमच्यात. १९९४ ला राज्य सरकारनं आमच्यातल्या बऱ्याच जाती ओबीसीत घेतल्या, त्याच्यामागं जालन्याच्या शब्बीर अन्सारींची चळवळ होती, आणि तेव्हा आमचेच मोठे लोक म्हणत होते की इस्लाममध्ये जात नाही, तुम्ही कशाला मागता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आम्ही साडेअकरा टक्के होतो. त्यातले बहुतेक असेच हातावर पोट असणारे.

आणि एक गंमत सांगतो. आमच्याकडं बाहेरून जमातवाले, म्हणजे धर्माचा प्रचार करणारे, येतात, ते पण हेच म्हणतात की जत्रेत जाऊ नका, तिथं मूर्ती आहे, तिथला धंदा बरा नाही. इकडून तुम्ही नको म्हणता, तिकडून ते नको म्हणतात. मधात टोपली घेऊन मनियारीण बसली.

जय_बजरंग
तुमच्याशी माझं भांडण नाही भाऊ, तुम्ही मोकळं लिहिलं. पण तुमचे पूर्वज पण इथलेच ना? वऱ्हाडची इमादशाही ज्यानं १४९० मध्ये काढली तो फतहुल्ला विजयनगरकडच्या हिंदू घरात जन्मला होता, लहानपणी धरून आणला आणि बाटवला. बहुतेकांची हीच गोष्ट आहे.

पिंजाऱ्याचा_पोरगा
असेल. मग मी इथलाच आहे हे तुम्हीच सिद्ध केलं. आता जागा द्यायची का नाही?

काळा_कोट_तालुका
तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. फुकट सल्ला आहे, त्यामुळं किंमत तेवढीच समजा.

मढीचा ठराव टिकला नाही, गटविकास अधिकाऱ्यांनी तो बेकायदा ठरवला. तुमच्याकडं झाला तरी तेच होईल, फक्त दरम्यान जत्रा होऊन जाईल आणि गरिबाचा हंगाम बुडेल, हाच अशा ठरावांचा खरा उपयोग असतो, कोर्टात हरायचं आणि मैदानात जिंकायचं.

कर्नाटकाबद्दल. तो नियम आहे, बजरंग बरोबर सांगतात, २०२२ मध्ये उडुपीकडच्या जत्रांत त्याचाच आधार घेऊन मुसलमानांची दुकानं अडवली. पण तो तिथल्या देवस्थान कायद्याखालचा नियम आहे, देवस्थानाच्या मालमत्तेबद्दल आहे, आणि महाराष्ट्राला लागू नाही. आपल्याकडं ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली येतात. आता ट्रस्टच्या स्वतःच्या आवारात कोणाला बसवायचं यावर वाद घालायला जागा आहे, ट्रस्टवाले कलम २६ दाखवतील की धार्मिक बाबतीत कारभार आमचा, समोरचा म्हणेल बांगडी विकणं ही धार्मिक बाब कधीपासून झाली. त्याचा निकाल मी इथं देत नाही. पण ई-क्लास? ती सरकारी जमीन आहे. तिथं हर्रास करणारी पंचायत धर्म विचारूच शकत नाही. कलम १५ झालं, कोणताही धंदा करायचा हक्क देणारं १९ झालं. त्यावर वाजवी निर्बंध येतात, जसं की गॅस सिलिंडर कुठं ठेवायचा, रस्ता किती सोडायचा. माणसाचं नाव अब्दुल आहे हा वाजवी निर्बंध होत नाही.

आणि ग्रामसभेचा कोरम बघा, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. पारावर वीस पोरं जमवून हात वर केले म्हणजे ग्रामसभा झाली असं नसते.

पांदणरस्ता
वकीलसाहेब धन्यवाद, हेच पाहिजे होतं.

बजरंग, तुमच्या चौथ्या मुद्द्याचं राहिलं होतं. तुम्ही पैसे कोणाला द्यायचे ते खरंच तुमच्या मर्जीवर आहे. मनियाराकडून घेऊ नका, तोंड फिरवून पुढं जा, कोणी धरणार नाही. पण शेजारच्या बाईनंही घेऊ नये म्हणून दुकानच उठवायचं, हे तुमच्या खिशाचं स्वातंत्र्य नाही, तिच्या खिशात हात आहे. आणि मक्का सौदीच्या राजाची. तिथं दुसऱ्या धर्माच्या माणसाला शहरातच येऊ देत नाहीत, हे वाईटच आहे. पण वाईट म्हणता ना? मग राजाचा जो नियम वाईट आहे तोच आपल्या सरपंचाच्या सही-शिक्क्यानं कशाला आणायचा.

निळी_पहाट
मी बौद्ध. दोन्ही बाजूंना थोडं थोडं टोचणार आहे.

टेकडीकर म्हणतात आपली माती अशी नव्हती, पहिले सगळे गोडीनं राहायचे. राहायचे, पण कसे? गावगाड्यात मुलाणी होता, बकरं कापायचा, खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. मांग, महार, कोष्टी, सगळ्यांना जागा होती, ज्याची त्याची ठरलेली जागा. माझ्या आज्याचीही होती, गावाच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून लांब. त्या गोडीत भांडण नव्हतं कारण भांडायची टाप नव्हती. जत्रेत आम्ही यायचो, लांब उभं राहायला. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना जाऊ द्या म्हणून सत्याग्रह झाला, पुढे डॉ. पंजाबराव देशमुख होते, बाबासाहेबांचा पाठिंबा होता. तेव्हा विरोध करणारे काय म्हणत होते? हेच, की देऊळ आमचं, रीत आमची, तुम्हाला काय कमी आहे. म्हणून मला 'पूर्वीचा सलोखा' नकोच आहे. मला पावती पाहिजे, जशी पांदणरस्ता म्हणतात, ज्यावर नाव आणि रक्कम असते, जात-धर्माचा रकाना नसते.

आता पिंजारी भावाला. तुमच्या लोकांनी आमच्या वस्तीवर हल्ला झाला तेव्हा किती वेळा आवाज काढला? तुमच्या गल्लीत आमच्या माणसाला भाड्यानं खोली मिळते का सहज? मला माहीत आहे तुमच्या हातात फार काही नाही. तरी विचारून ठेवतो.

पिंजाऱ्याचा_पोरगा
विचारलं ते बरं केलं. उत्तर 'कमी वेळा' असं आहे. भीती हे त्याचं एक कारण आहे, दुसरं कारण तेच जे वरच्या आळीत असते.

जय_बजरंग
छान. सगळे मिळून एकमेकांना टाळ्या देताय. आता कायदा कायदा करताच आहात तर कायद्याचंच बोलू. १९८५ ला तलाक दिलेल्या शाहबानोला सुप्रीम कोर्टानं पोटगी दिली, १९८६ ला संसदेनं कायदा करून ती फिरवली, कोणाच्या दबावाखाली? तेव्हा ही कलम १५ कुठं होती? भोंगा पहाटे पाचला वाजते, नियम रात्री दहा ते सकाळी सहा बंद असा आहे, २००० सालापासून आहे. तो का पाळत नाहीत? आमचं देऊळ आलं की सरकारी समिती, त्यांचं आलं की वक्फ बोर्ड. समान वागणूक पाहिजे असेल तर ती सगळीकडं समान पाहिजे, फक्त जत्रेच्या हर्रासात नाही.

काळा_कोट_तालुका
भोंग्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मुंबई हायकोर्टानं २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. तक्रार करा, मी फुकट लिहून देतो. अट एकच, त्याच अर्जात आपल्या काल्याच्या आदल्या रात्रीचा डीजे पण लिहीन, तो पंचावन्नात बसत नाही. वक्फ बोर्ड पण कायद्यानंच बनलेलं आहे, राज्य सरकारच नेमते, २०२५ च्या दुरुस्तीनं तर सरकारचा हात अजून आत गेला. शाहबानोबद्दल तुमचं बरोबर आहे, ते चुकलंच होतं.

पण शाहबानोचा बदला मनियारणीकडून घ्यायचा हे कोणत्या कोर्टात बसते?

मुक्ता_दारव्हा
इथपर्यंत सगळे पुरुष बोलले, बांगड्या कोण भरते याची आठवण करून द्यायला आले.

जत्रेत बाईला नवरा-सासू सोबत नसताना जिथं पंधरा मिनिटं निवांत बसता येते अशी एकच जागा असते, मनियारणीची. ती हात दाबून माप बघते, भाव कमी करते, कोणाची पोरगी कुठं दिली ते सांगते, आणि कोणाच्या हातावर वळ आहेत ते बघून गप्पही राहते. हे तुमच्या अर्जात कुठं आलं नाही कारण अर्ज लिहिताना बाई नव्हती. आपल्याकडं ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, ती कागदावर होते, चहा-बिस्कीट आणि सह्या. यंदा ती खरी घ्या आणि हा विषय तिथं ठेवा. बघू किती बाया हात वर करतात.

आणि शाहबानोचं नाव घेणाऱ्यांनी ऐका. १८ एप्रिल १९६६ ला सात मुसलमान बायका मुंबईत सचिवालयावर मोर्चा घेऊन गेल्या, तलाक आणि बहुपत्नीत्वाच्या विरोधात, हमीद दलवाईंनी तो काढला होता. सात जणी. तेव्हा त्यांच्यामागं त्यांचा समाज नव्हता आणि तुमचाही नव्हता. पुढं १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं, २०१७ ला सुप्रीम कोर्टानं एका झटक्यातला तलाक रद्द केला तो पण शायरा बानो नावाच्या बाईच्या अर्जावर. आतून लढणाऱ्या बायका आहेत. जत्रेतून हाकललेली मनियारीण घरी जाईल तेव्हा ती दलवाईंच्या बाजूची होईल का मौलवीच्या, याचा विचार करा. बाहेरून दार लागलं की आतला कुलूपवाला मोठा होते.

बुरख्याचं, मशिदीत बायकांना जागा नसण्याचं मला पटत नाही आणि ते मी त्यांच्या तोंडावर बोलते. पण ते बोलायला त्या मला भेटायला तर पाहिजे.

जय_बजरंग
ताई, वळ दिसतात तेव्हा मनियारीण गप्प राहते म्हणता, त्यात कौतुक काय?

मुक्ता_दारव्हा
कौतुक नाही केलं. गावातल्या बाकीच्यांना वळ दिसतच नाहीत, तिला दिसतात, एवढंच लिहिलं.

मधला_माणूस
मी कोणाच्याच बाजूचा नाही. माझी एवढीच विनंती की यंदाच्या वर्षी वातावरण तापलं आहे, दोन्हीकडं पोट्टे मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून पेटले आहेत, अकोल्यात २०२३ ला एका सोशल मीडियाच्या पोस्टवरून काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, माणूस गेला. उद्या जत्रेत कोणी काही बोललं, कोणाचं दुकान उलटवलं, तर केसेस आपल्याच पोरांवर लागतील, नोकरी-पोलीस भरती सगळं जाईल. मग ठराव न करताच, समजुतीनं, मुसलमान दुकानदारांना सांगावं की एक वर्ष येऊ नका. कोणाचा अपमान नाही, कायद्याचाही भंग नाही. पुढच्या वर्षी शांत झालं की या. व्यवहारी तोडगा आहे.

पांदणरस्ता
मधले भाऊ, मला सगळ्यात जास्त भीती तुमच्या तोडग्याची वाटते, बजरंगच्या ठरावाची नाही. ठराव कागदावर असते, त्याला गटविकास अधिकारी रद्द करू शकते, वकीलसाहेब कोर्टात नेऊ शकतात. 'समजुतीनं सांगितलं' याला कोण रद्द करणार? त्याची पावतीच नाही. आणि गणित बघा, दुकान उलटवायची धमकी देणारा कोण, पोट्टे. शिक्षा कोणाला, ज्याचं दुकान उलटणार त्याला. मग पुढच्या वर्षी पोट्टे शांत का होतील? त्यांना तर कळलं की दम दिला की काम होते. पुढच्या वर्षी ते म्हणतील आठवडी बाजारात पण नको, त्याच्या पुढं म्हणतील मोटर भरायला पण नको, आणि तुम्ही दर वेळी म्हणाल, एकच वर्ष.

शांतता पाहिजे असेल तर बीट जमादाराला आताच पत्र द्या, बंदोबस्त मागा, दुकानांची लाईन रस्त्यापासून लांब आखा, रात्री दहाला वीज बंद. हे पंचायतीचं काम आहे. कोण हिंदू कोण मुसलमान हे तिचं काम नाही.

मधला_माणूस
तुम्ही तालुक्याला राहता, आम्ही गावात. दगड पडला तर आमच्या कवेलूवर पडते.

पांदणरस्ता
गावातच राहतो, देवळाच्या मागच्या गल्लीत. कवेलू माझेपण आहेत.

निळी_पहाट
मधले भाऊ, 'एक वर्ष थांबा' हे आम्ही पण खूप ऐकलं आहे. पोळ्याला बैल शेवटी आणा, विहिरीवर मागाहून या, यंदा नको पुढच्या वर्षी बघू. थांबणाऱ्याची पिढी जाते.

जय_बजरंग
बरं. मी ग्रामसभेत ठरावाच्या बाजूनंच बोलणार, इथं कितीही पोस्टी लिहा. फक्त एक मान्य करतो, ई-क्लासवर कायद्यानं अडचण आहे, वकिलांचं ऐकलं. म्हणून आम्ही अर्ज बदलून ट्रस्टच्या आवारापुरताच ठेवू, आणि ई-क्लासवर आमचे लोक मोठी बोली लावून जागा घेतील. हर्रासात तर अडवणार नाही ना कोणी?

पांदणरस्ता
हर्रासात मोठी बोली लावली तर जागा तुमचीच, त्याला माझा कायच विरोध असणार. घ्या आणि बांगड्या विका.

वऱ्हाडी_ठेचा
हे भारी झालं. आता बजरंग भाऊ बांगड्या भरसान. पन मले एक सांगा, तो आकाशपाळना दरसाल आनते तो यवतमाळचा पाळनेवाला कोन हाय माहीत हाय ना? त्याले बी नाई म्हनसान का?

जय_बजरंग
माहीत आहे. दुसरा बघितलाय अमरावतीकडचा. भाडं थोडं जास्त सांगते.

वऱ्हाडी_ठेचा
थोडं म्हंजे किती?

जय_बजरंग
दीडपट.

वऱ्हाडी_ठेचा
अन् ते वरचे पैसे वर्गनीतून काहाडता का तिकिटातून? तिकिटातून काहाडले तं माह्ये तीन नातू हाय, आत्ताच सांगून ठेवा.